कोठा साफ करणारे क्षार

मॅग्नेशियम हे शरीराला रोज लागणारे खनिज आहे आणि त्याच्या काही क्षारांनी पोटही साफ होते. या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या, तरी त्यांच्यात जे नाते सर्रास गृहीत धरले जाते ते खरे नाही. शरीरात मॅग्नेशियम कमी पडले म्हणून मलावरोध झाला आणि गोळीने ती उणीव भरून निघताच शौचास साफ होऊ लागले, अशी समजूत पूरक गोळ्यांच्या जाहिरातींनी आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींनी रुजवली आहे. प्रत्यक्षात गोळीतील जे मॅग्नेशियम रक्तात न शिरता आतड्यात तसेच राहते, तेच मलावरोधावर काम करते, आणि जे रक्तात शिरते त्याचा कोठा साफ होण्याशी फारसा संबंध नसतो. एवढा भेद ध्यानात घेतला की कोणता क्षार घ्यावा, किती घ्यावा आणि कोणी तो मुळीच घेऊ नये, हे प्रश्न बरेच सोपे होतात.

या क्षारांचा सारक गुण माणसाला कळला तेव्हा मॅग्नेशियम नावाचे मूलद्रव्य कोणाला ठाऊकही नव्हते. इंग्लंडमधील सरी परगण्यातल्या एप्सम या गावी १६१८ च्या उन्हाळ्यात एका गुराख्याच्या गुरांनी तहानेने व्याकूळ असूनही एका डबक्यातील कडू पाण्याला तोंड लावले नाही आणि पुढे तेच पाणी प्यायलेल्या माणसांना जुलाब झाले, अशी कथा तेथे सांगितली जाते. कथेचा तपशील काहीही असो, त्या शतकात एप्सम हे पोट साफ करून घेण्यासाठी श्रीमंतांनी जाऊन राहण्याचे गाव झाले होते, हे खरे. नेहेमाया ग्रू या इंग्रज वैद्याने १६९५ मध्ये या पाण्यातील कडू क्षारावर लॅटिन ग्रंथ लिहिला आणि पाणी आटवून मिळवलेला क्षार युरोपभर विकला जाऊ लागला. आजही औषधाच्या दुकानात एप्सम सॉल्ट या नावाने मिळणारी पांढरी खडेदार पूड म्हणजे हाच क्षार, मॅग्नेशियम सल्फेट. पुढे एडिंबरा येथील जोसेफ ब्लॅक याने १७५४ मध्ये वैद्यकाच्या पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधात ‘मॅग्नेशिया आल्बा’ या सौम्य सारक चूर्णाचा अभ्यास केला. ते चूर्ण तापवल्यावर जो वायू निघतो तो साध्या हवेहून निराळा आहे, हे त्यातून सिद्ध झाले आणि कार्बन डायऑक्साइडची ओळख रसायनशास्त्राला पटली. पोटाच्या औषधाने विज्ञानाला एवढे मोठे दान द्यावे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मॅग्नेशियम हे स्वतंत्र मूलद्रव्य हम्फ्री डेव्ही याने १८०८ मध्ये वेगळे केले, तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पाण्यात मिसळून केलेले दुधासारखे दिसणारे ‘मिल्क ऑफ मॅग्नेशिया’ चार्ल्स हेन्री फिलिप्स याने अमेरिकेत १८७० च्या दशकात बाजारात आणले.

हे क्षार काम कसे करतात, हे समजण्यासाठी आतड्यातील पाण्याचा हिशेब आधी पाहावा लागतो. खाल्ल्याप्यायलेले सुमारे दोन लिटर द्रव आणि लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस यांचे मिळून आणखी सुमारे सात लिटर, असे नऊ लिटर पाणी रोज लहान आतड्यात उतरते. त्यातील बहुतेक तेथेच शोषले जाते, दीड लिटरच्या आसपास मोठ्या आतड्यात पोचते आणि तेथेही शोषण होऊन शेवटी विष्ठेबरोबर शंभर ते दोनशे मिलिलिटर एवढेच बाहेर पडते. मोठ्या आतड्यातील प्रवास रेंगाळला की पाणी अधिक शोषले जाते, मळ सुकून त्याचे खडे होतात आणि खडे झाले की प्रवास आणखी रेंगाळतो. मॅग्नेशियमचे क्षार या चक्रात पाण्याच्या बाजूने हस्तक्षेप करतात. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की काही वेळात पातेल्याच्या तळाशी पाणी सुटलेले दिसते, कारण पातळ पडद्याच्या ज्या बाजूला क्षार अधिक त्या बाजूला पाणी ओढले जाते. शास्त्रीय भाषेत याला परासरण म्हणतात. आतड्यात न शोषले गेलेले मॅग्नेशियम असेच पाणी धरून ठेवते, त्यामुळे मळ मऊ राहतो, त्याचे आकारमान वाढते, आतड्याच्या भिंतीला ताण बसतो आणि तिची पुढे ढकलणारी हालचाल सुरू होते. म्हणूनच हे औषध परासरणी सारकांच्या गटात मोडते. सोनामुखी किंवा बिसाकोडिल यांसारखी औषधे मोठ्या आतड्याच्या स्नायूंना व मज्जातंतूंना चेतवतात, आणि त्यांनी पोटात पिळवटून कळ येते ती बहुधा त्यामुळेच.

मॅग्नेशियम ऑक्साइडची वाट थोडी लांबची आहे. पाण्यात जवळजवळ न विरघळणारी ही पूड जठरातील आम्लाशी संयोग पावून मॅग्नेशियम क्लोराइड होते आणि पुढे लहान आतड्यातील बायकार्बोनेटशी मिळून पाणी ओढणारा क्षार बनते. आम्लपित्तावरील गोळ्या रोज घेणाऱ्यांना तिचा गुण कमी येतो, तो जठरात पुरेसे आम्ल उरत नसल्यामुळे. ऑक्साइडचा परिणाम साधारणतः रात्री घेतल्यास सकाळी दिसतो, तर हायड्रॉक्साइड, सल्फेट किंवा सायट्रेटची मोठी मात्रा अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत केव्हाही शौचास जायला लावते. प्रवासाला निघण्यापूर्वी मिल्क ऑफ मॅग्नेशिया घेणाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे.

हे औषध शतकानुशतके वापरात असूनही त्याची काटेकोर परीक्षा अलीकडच्या काळातच झाली, आणि तीही मुख्यतः जपानमध्ये, जेथे मॅग्नेशियम ऑक्साइड हे मलावरोधावरील नेहमीचे औषध आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी चाचणीत ३४ स्त्रियांपैकी काहींना रोज दीड ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड आणि इतरांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या चार आठवडे देण्यात आल्या, आणि कोणाला काय मिळत आहे हे रुग्णांना किंवा डॉक्टरांना कळू दिले नाही. औषध मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के स्त्रियांना गुण आला, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी २५ टक्क्यांना. दोन वर्षांनी ९० रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या जपानी चाचणीत सोनामुखी आणि मॅग्नेशियम ऑक्साइड या दोन्ही गटांतील जवळजवळ सत्तर टक्के रुग्णांना गुण आला व दोहोंत फारसा फरक दिसला नाही. फ्रान्समध्ये २४४ स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत मॅग्नेशियम आणि सल्फेट मुबलक असलेले तेथील झऱ्याचे पाणी रोज एक लिटर प्यायल्याने दुसऱ्या आठवड्यात फरक पडल्याचे आढळले.

आकडे उत्साहवर्धक असले, तरी या चाचण्या लहान आणि अल्पकाळाच्या आहेत. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या दोन प्रमुख संस्थांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत म्हणूनच मॅग्नेशियम ऑक्साइडची शिफारस केली ती सशर्त, पुरावा फार भक्कम नसल्याचे नोंदवून. निःसंदिग्ध शिफारस मिळालेल्या औषधांत पॉलिएथिलीन ग्लायकॉल ही पाण्यात विरघळवून घ्यायची पुडी आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांच्या पुढाकाराने २०२५ मध्ये तयार झालेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत मॅग्नेशियम ऑक्साइडबरोबर इसबगोल, किवी फळ, राय धान्याचा पाव आणि खनिजयुक्त पाणी यांना स्थान मिळाले. मात्र ‘भरपूर चोथायुक्त आहार घ्या’ या सरधोपट सल्ल्यामागे पुरेसा पुरावा नसल्याचे मत तीत नोंदवले आहे. उत्तर गुजरातेत पिकणारा इसबगोल अशा यादीत आल्याचे भारतीय वाचकाला नवल वाटणार नाही, पण चोथ्याविषयीचे मत अनेकांना खटकेल. त्याचा अर्थ चोथा निरुपयोगी असा नव्हे. मात्र आधीच कोंडलेल्या पोटात एकदम कोंडा आणि पालेभाज्यांचा भार टाकल्याने काहींचे पोट उलट फुगते.

दुकानात गेल्यावर मात्र या अभ्यासांतील ऑक्साइड सहज दिसत नाही. दर्शनी फळीवर ग्लायसिनेट, सायट्रेट, मॅलेट, थ्रिओनेट अशा नावांच्या देखण्या बाटल्या मांडलेल्या असतात आणि त्यांतील बऱ्याच बाटल्यांवर ‘उत्तम शोषण’ असे ठळक छापलेले असते. रक्तातील मॅग्नेशियम वाढवायचे असेल तर तो गुण आहे, मलावरोध दूर करायचा असेल तर तोच दोष आहे. ग्लायसिनेट आतड्याला फारसे न डिवचता शोषले जाते, म्हणून झोप किंवा पायांत येणारे गोळे यांसाठी ते विकले जाते आणि पोटासाठी घेणाऱ्याची त्याने निराशा होते. याउलट ऑक्साइड शोषणाच्या बाबतीत अगदी हलके मानले जाते. एका छोट्या अभ्यासात त्यातील मॅग्नेशियमचा अवघा चार टक्के भाग शोषला गेल्याचे आढळले होते. पूरक म्हणून जे हिणवले जाते ते सारक म्हणून उपयोगी पडते, आणि ते स्वस्तही आहे, ही गोष्ट विक्रेत्यांना सांगण्यात रस नसावा.

लेबलावरील आकडाही नीट वाचावा लागतो. ‘मॅग्नेशियम ऑक्साइड ५०० मिलिग्रॅम’ असे लिहिले असेल, तर त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम सुमारे ३०० मिलिग्रॅम असते, कारण ऑक्साइडच्या वजनात धातूचा वाटा साठ टक्के आहे. सायट्रेटमध्ये तो साधारण सोळा टक्के आणि एप्सम सॉल्टमध्ये जेमतेम दहा टक्के भरतो. काही उत्पादक पूर्ण क्षाराचे वजन छापतात, काही केवळ मूलद्रव्याचे, त्यामुळे दोन बाटल्यांवर सारखाच आकडा असला तरी मात्रा सारखी असेलच असे नाही.

मग किती मात्रा योग्य, असा प्रश्न येतो, आणि येथे पूरक आणि औषध यांतील गोंधळ उघडा पडतो. अमेरिकेतील पोषणतज्ज्ञांनी आहाराव्यतिरिक्त घेतल्या जाणाऱ्या मॅग्नेशियमची प्रौढांसाठी दैनंदिन मर्यादा ३५० मिलिग्रॅम ठरवली आहे, तर जपानी चाचण्यांतील दीड ग्रॅम ऑक्साइडमधून मिळणारे मॅग्नेशियम सुमारे ९०० मिलिग्रॅम होते. हे विसंगत वाटेल, पण ती मर्यादा ठरवताना ज्या दुष्परिणामाचा विचार झाला तो म्हणजे शौचास पातळ होणे, आणि मलावरोधाच्या रुग्णाला नेमके तेच, पण माफक प्रमाणात, हवे असते. याचा सरळ अर्थ असा की पोट साफ होण्याइतके मॅग्नेशियम घेणारी व्यक्ती ‘पूरक’ घेत नसून औषध घेत असते, आणि औषधाला जे नियम लागू होतात ते सारे त्या गोळीलाही लागू होतात. अमेरिकेतील मार्गदर्शिकेत सुचवल्याप्रमाणे दिवसाला ४०० ते ५०० मिलिग्रॅम ऑक्साइडने प्रारंभ करावा, पेलाभर पाण्याबरोबर ते घ्यावे, काही दिवस थांबून गरज पडल्यासच मात्रा वाढवावी आणि मळ पातळ होऊ लागताच ती कमी करावी. मळाच्या रूपाचे सात प्रकार दाखवणारी ‘ब्रिस्टल’ तालिका डॉक्टरांकडे असते. तिच्यातील तिसरा-चौथा प्रकार, म्हणजे मऊ आणि सलग मळ, हे उद्दिष्ट. जुलाब हे उद्दिष्ट नव्हे. मात्र एरंडेलाचा जुलाब देऊन ‘सगळी घाण निघून गेली’ असे समाधान मानण्याची जुनी सवय घराघरांत इतकी मुरलेली आहे की चार वेळा पळावे लागले तरच औषध लागू पडले, असे अनेकांना अजूनही वाटते.

आता धोक्याच्या बाजूकडे वळले पाहिजे, कारण ‘नैसर्गिक खनिज’ या शब्दांनी ती झाकली जाते. निरोगी माणसात शोषले गेलेले जादा मॅग्नेशियम मूत्रपिंडे चोवीस तास बाहेर टाकत असतात आणि म्हणूनच कोट्यवधी लोक ते निर्धोकपणे घेऊ शकतात. मूत्रपिंडांची क्षमता घटलेली असेल, तर मात्र थोडे थोडे शोषलेले मॅग्नेशियमही दिवसेंदिवस रक्तात साठत जाते. रक्तातील त्याचे प्रमाण सामान्यतः दर १०० मिलिलिटरमागे सुमारे १.७ ते २.४ मिलिग्रॅम असते. ते वाढू लागले की प्रथम मळमळ, चेहरा तापणे, गळून गेल्यासारखे वाटणे आणि झोपाळूपणा दिसतो, पुढे रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते, स्नायू ढिले पडतात आणि शेवटी श्वास व हृदय बंद पडू शकते. जपानच्या औषधनियामक यंत्रणेने २००८ मध्ये अशा १५ गंभीर घटनांची, त्यांतील दोन मृत्यूंची, नोंद जाहीर करून डॉक्टरांना सावध केले आणि २०१५ मध्ये वृद्ध रुग्णांबाबतचा इशारा अधिक कडक केला. वय झालेली, अंथरुणाला खिळलेली, महिनोन्‌महिने तीच मात्रा घेणारी आणि रक्ततपासणी न झालेली व्यक्ती हा अशा घटनांतील ठळक नमुना आहे. अशा व्यक्तीच्या आतड्यात मळ तटून बसलेला असेल, तर औषध तेथे अधिक काळ राहून अधिक शोषले जाते, आणि रक्तात वाढलेले मॅग्नेशियम आतड्याची हालचाल आणखी मंद करते. पोट साफ होत नाही म्हणून घरचे लोक मात्रा वाढवतात, आणि त्याने संकट गहिरे होते.

मॅग्नेशियमचा हा शिथिल करणारा गुण प्रसूतिशास्त्राला चांगला परिचित आहे. गर्भारपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शने हाच जगभरचा उपाय आहे, आणि भारतीय स्त्रियांचे वजन कमी असते हे ध्यानात घेऊन धुळ्यातील डॉक्टरांनी आखलेली कमी मात्रेची पद्धत वैद्यकीय वाङ्‌मयात ‘धुळे रेजिमेन’ याच नावाने ओळखली जाते. हे औषध चालू असताना प्रत्येक नव्या मात्रेपूर्वी रुग्णेच्या गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडीने हलकेच ठोकून पाय उसळतो की नाही हे पाहिले जाते, श्वास मोजला जातो आणि लघवी पुरेशी होते ना याची खात्री केली जाते. गुडघ्याची उसळी नाहीशी झाली, तर पुढची मात्रा थांबते. विषबाधेची लक्षणे दिसली, तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळच ठेवलेले असते. तोंडाने घेतलेल्या गोळीचे शोषण इंजेक्शनच्या मानाने नगण्य असते हे खरे, पण लघवीवर लक्ष ठेवण्यामागील कारण दोन्हीकडे एकच आहे.

इतर औषधांशी होणाऱ्या विरोधाबद्दल दुकानदार क्वचितच बोलतो. थायरॉइडसाठी घेतलेले लेव्हॉथायरॉक्सिन, डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविके, लोहाच्या गोळ्या आणि हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधे मॅग्नेशियमशी आतड्यात बांधली जाऊन वाया जातात, म्हणून त्यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे लागते. थायरॉइडच्या गोळीबाबत ते निदान चार तासांचे असावे. भारतात मिल्क ऑफ मॅग्नेशिया बऱ्याचदा लिक्विड पॅराफिन या खनिज तेलाबरोबर एकाच बाटलीत मिळते. गिळताना ठसका लागणाऱ्या वृद्धांना ते तेल फुप्फुसात उतरण्याचा धोका असल्याने अशी बाटली त्यांच्यासाठी नव्हे.

मलावरोध म्हणजे नेमके काय, यावरही एकमत नसते. वैद्यकीय व्याख्येत आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, कुंथावे लागणे, मळ कडक येणे, साफ न झाल्याची भावना राहणे अशी अनेक लक्षणे येतात आणि ती किमान तीन महिने टिकलेली असावी लागतात. रोज सकाळी ठरल्या वेळी झालेच पाहिजे, असे शास्त्र म्हणत नाही. एका दिवसाचा खंड पडला म्हणून गोळी शोधणाऱ्याने आधी आपल्या इतर गोळ्यांकडे पाहावे, कारण लोह, कॅल्शियम, काही रक्तदाबाची व नैराश्यावरील औषधे आणि तीव्र वेदनाशामके स्वतःच कोठा जड करतात. थायरॉइडची कमतरता व मधुमेहही कारण असू शकतात. काही रुग्णांत कुंथताना गुदद्वाराचे स्नायू सैल पडण्याऐवजी आवळले जातात, आणि त्यांना कोणत्याही सारकापेक्षा त्या स्नायूंना वळण लावणाऱ्या प्रशिक्षणाचा अधिक उपयोग होतो. शौचावाटे रक्त जाणे, वजन घटणे, रक्त कमी होणे, पन्नाशीनंतर शौचाची सवय एकाएकी बदलणे किंवा घराण्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग असणे, यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे.

खनिजाची खरी गरज भागवण्यासाठी मात्र गोळीची वाट पाहण्याचे कारण नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी दिवसाला ४४० आणि स्त्रीसाठी ३७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम पुरेसे ठरवले आहे. ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांच्या १०० ग्रॅम पिठात ते साधारण १२० ते १५० मिलिग्रॅम असते, पॉलिश केलेल्या तांदळात त्याच्या एक-पंचमांशाहूनही कमी. तीळ, शेंगदाणे आणि डाळींनी बाकीची भर पडते. दोन वेळा भाकरी खाणाऱ्या घरात त्याची उणीव सहसा भासत नाही.

मॅग्नेशियम ऑक्साइड हे निरोगी मूत्रपिंडे असलेल्या प्रौढासाठी स्वस्त, कळ न आणणारे आणि काही आठवडे वापरण्यास योग्य असे औषध आहे. गर्भवतींनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे आणि मुलांनाही विचारूनच द्यावे. साठी उलटलेल्या, मधुमेह वा रक्तदाब असलेल्या व्यक्तीने त्याआधी रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी करून त्यावरून मूत्रपिंडांची गाळणक्षमता डॉक्टरांकडून काढून घ्यावी, कारण अंगात मांस कमी असलेल्या वृद्धांत क्रिएटिनिनचा आकडा नुसता पाहिला तर तो फसवा असतो. ही तपासणी तालुक्याच्या गावातील प्रयोगशाळेतही होते. तिचा अहवाल हाती येईपर्यंत अशा व्यक्तीने बाटली उघडू नये.